पेलेट स्टोव्ह नेमका कोणत्या पायरीवर अडतो?

लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेलेटवर चालणाऱ्या घरगुती स्टोव्हविषयी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील यांत्रिक बिघाडांसंबंधीची निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. तक्रारी निरनिराळ्या असल्या, तरी जवळपास प्रत्येक पत्रात एक माहिती लिहायची राहून गेली आहे, आणि ती म्हणजे स्टोव्ह सुरू केल्यावर नेमका कोणत्या पायरीवर अडला. ही माहिती मिळाली की निम्मे निदान तिथेच होते, म्हणून आधी तो क्रम सांगतो.

बटण दाबल्यावर सर्वप्रथम धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा सुरू होतो. त्याच्या ओढीमुळे भट्टीत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब तयार होतो आणि तो दाब जाणवला की व्हॅक्यूम स्विच जोडला जातो. मग ऑगर, म्हणजे नळीत बसवलेला मळसूत्री दांडा, हॉपर या साठवणीच्या टाकीतले पेलेट थोडे थोडे पुढे सरकवून बर्नपॉट या छिद्रांच्या भांड्यात टाकतो. त्याच सुमारास इग्नायटर, म्हणजे पेटवण्यासाठीची विजेची दांडी, तापतो आणि त्यावरून आलेल्या गरम हवेने पेलेट पेटतात. जाळ धरल्याची खूण धुराच्या मार्गातील तापमानाच्या संवेदकाकडून मिळाली की इग्नायटर बंद होतो, आणि स्टोव्हचे अंग तापल्यावर सर्वांत शेवटी खोलीत गरम हवा सोडणारा दुसरा पंखा चालू होतो. काही मॉडेलांत या क्रमात थोडा फरक असतो, पण गाभा हाच. तक्रार लिहिताना यांतील कोणता आवाज ऐकू आला आणि कोणता आला नाही, एवढे लिहिले तरी उत्तर देणाऱ्याचे काम सोपे होते.

पुढील सर्व उत्तरांना एक अट लागू आहे. झाकण किंवा बाजूचा पत्रा उघडण्यापूर्वी स्टोव्ह पूर्ण थंड झालेला असावा आणि प्लग काढून ठेवलेला असावा. ऑगरची मोटर मिनिटाला जेमतेम एक ते चार-पाच फेरे घेते, त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. परंतु गिअरमुळे तिचा जोर इतका असतो की बोट सापडले तर ती थांबत नाही.

प्रश्न : हॉपर काठोकाठ भरलेला आहे, धुराचा पंखाही चालू होतो, पण बर्नपॉटमध्ये पेलेट पडत नाहीत. मागच्या बाजूने मोटरचा गुणगुण आवाज येतो आणि मध्येच ‘टक्’ असा धक्का बसल्यासारखे होते. मोटर बदलावी लागेल का?

तो ‘टक्’ आवाज आपण लक्षपूर्वक ऐकलात हे फार बरे झाले, कारण मोटर जिवंत असल्याचा तो बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा आहे. ऑगर अडकलेला असतो तेव्हा मोटर त्याला पुढे रेटते, गिअरमधील सगळी ढिलाई ताणली जाते, आणि वीज थांबताच तो ताण सुटून दांडा किंचित मागे उसळतो. जळालेली मोटर असे करत नाही. ती एक तर मुकी असते किंवा नुसतीच तापते. तेव्हा मोटर मागवण्याची घाई करू नये.

पहिली शंका हॉपरचीच घ्यावी. पेलेट कधी कधी उतरत्या भिंतींना टेकून एकमेकांत अडकतात आणि ऑगरच्या तोंडावर त्यांची कमान धरते. वरून हॉपर भरलेला दिसतो, पण खाली पोकळी असते. प्लग काढून लाकडी काठीने पेलेट ढवळले की ती कमान कोसळते. मात्र त्या परिस्थितीत ऑगर रिकामा आणि मोकळा फिरत असतो व धक्का बसत नाही. आपल्याकडे धक्का बसतो आहे, त्यामुळे अडथळा नळीतच असण्याचा संभव अधिक.

हॉपर पूर्ण रिकामा करावा, तळाचा भुगा काढावा आणि टॉर्च मारून ऑगरचे तोंड पाहावे. बहुतेक वेळा तिथे दोन गोष्टी आढळतात. एक म्हणजे आडवा पडून मळसूत्राची कड आणि नळीची भिंत यांच्यात चेपला गेलेला लांब पेलेट. ‘ईएनप्लस’ या गुणवत्ता प्रमाणपत्राच्या निकषांत पेलेटची लांबी ३.१५ ते ४० मिलिमीटर अशी ठरवलेली आहे, ती याचमुळे महत्त्वाची. बोटभर लांबीचे पेलेट अरुंद नळीत अडणारच. असा पेलेट लांब स्क्रूड्रायव्हरने मोडून काढता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे भुग्याचा घट्ट थर. पोत्याच्या तळाशी साचलेला बारीक भुगा प्रत्येक वेळी हॉपरमध्ये रिता होत गेला, की तो ऑगरच्या पात्यांमागे दाबला जातो आणि हळूहळू लाकडासारखा कडक होतो. पेलेटना ओल लागली असेल तर हे काम काही तासांत होते. पेलेट फुगून विरघळतात आणि वाळल्यावर नळीत खुंटी मारल्यासारखे बसतात. तसे झाले असेल तर ऑगर बाहेर काढून नळी खरवडण्यावाचून गत्यंतर नाही.

दांडा हाताने फिरवून पाहायचा असेल तर आधी मोटर त्यापासून सुटी करावी. मोटर जोडलेली असताना पान्याने जोर लावल्यास गिअरचे दात तुटतात, आणि दहा मिनिटांच्या कामाचा खरोखरच मोटर बदलण्यापर्यंत विस्तार होतो. मोटर सुटी केल्यावर ती नुसती चालवून पाहता येते. मोकळी असताना सुरळीत फिरली तर दोष ऑगरचा, तेव्हाही अडली तर दोष तिचा.

जाता जाता आणखी एक शक्यता सांगून ठेवतो, कारण ती लक्षात न आल्यामुळे चांगल्या मोटरी फेकल्या जातात. मोटरचा दांडा फिरतो, पण ऑगर जागचा हलत नाही. दोघांना जोडणारा ॲलन स्क्रू ढिला झालेला असतो किंवा पिन तुटलेली असते. दोन्ही दांड्यांवरून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवावी आणि थोड्या वेळाने पाहावी. रेघ दुभंगली असेल तर दुखणे सापडले.

मोटरचा काहीच आवाज येत नसेल तर मात्र विचाराची दिशा बदलावी लागते. पुष्कळ मॉडेलांत हॉपरच्या झाकणाचा स्विच, व्हॅक्यूम स्विच आणि अतितापमानाचा स्विच यांतील कोणताही एक उघडला तरी ऑगरची वीज तुटते. झाकणाच्या कडेवर एखादा पेलेट अडकून झाकण नीट न बसणे, एवढेसे कारणही त्याला पुरते.

प्रश्न : स्टोव्ह छान पेटतो, पण दहा-पंधरा मिनिटांनी पेलेट पडायचे थांबतात, जाळ विझतो आणि पडद्यावर दाबाच्या त्रुटीचा संदेश येतो. परिचयातील एका जाणकारांनी व्हॅक्यूम स्विच खराब असल्याचे सांगितले आणि नवा मिळेपर्यंत त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकण्याचा सल्ला दिला. तसे करावे का?

करू नये. मुळीच करू नये, आणि ‘तात्पुरते’ तर अजिबातच नाही, कारण अशा तात्पुरत्या वायरी वर्षानुवर्षे तशाच राहतात.

या स्विचचे काम एवढेच आहे की धूर बाहेर ओढला जात नसेल तर भट्टीत आणखी जळण पडू देऊ नये. वायरी जोडून टाकल्या की हा पहारा उठतो. मग पाइप तुंबलेला असो वा पंखा बंद पडलेला असो, ऑगर पेलेट टाकतच राहतो. धूर खोलीत येतो, त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड येतो, ज्याला ना रंग ना वास, आणि जाळ पेलेटच्या वाटेने उलटा हॉपरकडे चढण्याचा धोकाही निर्माण होतो. स्टोव्ह असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावाच. वरचा सल्ला ऐकून कोणी वायरी आधीच जोडल्या असतील, तर त्यांनी त्या सुट्या करेपर्यंत स्टोव्ह पेटवू नये.

शिवाय हा स्विच स्वतः क्वचितच बिघडतो. तो बहुतेक वेळा खरेच सांगत असतो, म्हणून तपासणी त्याच्यापासून सुरू न करता त्याच्यापाशी संपवावी.

दरवाजापासून प्रारंभ करावा. कागदाची पट्टी दाराच्या चौकटीत ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती अडखळत निघाली तर गॅस्केट, म्हणजे दाराची फट बंद करणारी दोरी, ठीक आहे, सहज सरकून आली तर तिथून हवा शिरते आहे. दाराच्या चारही बाजूंना, कोपऱ्यांत आणि बिजागरीजवळ ही चाचणी घ्यावी, कारण दोरी सगळीकडे सारखी झिजत नाही. राखेच्या ट्रेचे दारही असेच तपासावे. त्याची आठवण सहसा कोणाला राहत नाही. नवी दोरी बसवताना तीच जाडी घ्यावी, उच्च तापमानाला टिकणारा चिकटद्रव वापरावा आणि दोरी ताणून लावू नये. ताणलेली दोरी बारीक होते व तापल्यावर आखडून टोकाशी फट पडते.

दार ठीक निघाले तर धुराचा मार्ग पाहावा. बर्नपॉटभोवतीची राख सगळेच काढतात. परंतु भट्टीच्या मागील पत्र्यांआड, विटेसारख्या फळीमागे आणि खालच्या दोन्ही बाजूंच्या राखेच्या कप्प्यांत पिठासारखी बारीक राख साचते, ती झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही. त्यापुढे पाइपचा टी-आकाराचा जोड येतो, जिथे वळणामुळे राख खाली बसते. आणि शेवटी पाइपचे बाहेरचे तोंड, जिथे जाळी काजळीने बुजलेली किंवा पक्ष्याने घरटे केलेले सापडते. आपला स्टोव्ह सुरुवातीला चालतो आणि तापल्यावर थांबतो. मार्ग अर्धवट तुंबलेला असताना पंख्याची ओढ स्विचच्या मर्यादेच्या अगदी काठावर असते. मग वाऱ्याची एखादी उलटी झुळूक किंवा पंख्याच्या गतीतील थोडा बदल एवढ्यानेही स्विच उघडतो. फक्त वाऱ्याच्या दिवशी असे होते का, याचीही नोंद ठेवावी.

त्यानंतर स्विचकडे जाणारी रबरी नळी. ती टोकाशी कडक होऊन तडकते किंवा निसटते. आणि स्टोव्हच्या अंगावर ती जिथे जोडली जाते त्या धातूच्या बारीक तोटीत राख बसते. नळी तोटीवरून काढावी, बारीक तारेने तोटीचे भोक मोकळे करावे आणि नळी परत घट्ट बसवावी. नळी स्विचला जोडलेली असताना तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने तिच्यात हवा फुंकू नये. आतला पातळ पडदा त्याने फाटतो आणि नसलेला बिघाड निर्माण होतो.

आणखी एक साधा प्रयोग करून पाहावा. त्रुटी येते त्या वेळी स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असतो का? बंदिस्त घरात असा पंखा घरातलीच हवा ओढतो आणि स्टोव्हच्या पंख्याशी त्याची रस्सीखेच होते. खिडकी बोटभर उघडल्यावर त्रुटी नाहीशी झाली तर स्टोव्हमध्ये दोष नाही. जळणासाठी लागणारी हवा बाहेरून थेट आणणारी नळी बसवून घ्यावी.

एवढे सारे निर्दोष आढळले, तरच धुराच्या पंख्याची गती आणि शेवटी स्विच तपासावा. ते काम चालू विजेवर मीटर लावून करायचे असल्याने तंत्रज्ञाकडे सोपवलेले बरे.

प्रश्न : पेलेट पडतात, ढीग होतो, पण पेटत नाहीत. इग्नायटर नवा बसवला, तरी तेच. आता काय उरले?

इग्नायटर नवा असल्याने तो जळालेला नाही असे आपण गृहीत धरता, तेही आधी पडताळून पाहावे. प्लग काढून, त्याच्या दोन्ही वायरी सुट्या करून मल्टिमीटरने रोध मोजावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ३०० वॉटच्या दांडीसारख्या इग्नायटरचा रोध सुमारे १७५ ओहम येतो, आणि १२० व्होल्टच्या तेवढ्याच वॉटच्या इग्नायटरचा सुमारे ४८. मीटरने अनंत रोध दाखवला तर आतली तार तुटलेली आहे, मग वस्तू कितीही नवी असो.

तो चांगला असेल तर हवेची वाट पाहावी. इग्नायटर पेलेटना स्पर्श करून पेटवत नाही. त्याच्या अंगावरून जाणारी हवा तापून बर्नपॉटच्या एका ठरावीक भोकातून आत येते आणि ती पेलेट पेटवते. ते भोक राखेने बुजले असेल, इग्नायटर बसवताना नळीत मागे राहिला असेल, किंवा बर्नपॉट खाली राखेचा खडा आल्यामुळे एका बाजूने उचलला गेला असेल, तर गरम हवा भलतीकडे जाते. बर्नपॉट बाहेर काढून त्याखालची बैठक ओल्या नव्हे तर कोरड्या ब्रशने साफ करावी आणि भांडे बसवल्यावर ते बोटाने डुलते का हे पाहावे.

हॉपर पूर्ण रिकामा होऊन नुकताच भरला असेल तर गोष्ट वेगळी. ऑगरची नळी भरेपर्यंत बर्नपॉटमध्ये पुरेसे पेलेट पडत नाहीत आणि पहिला प्रयत्न वाया जातो. तो बिघाड समजू नये.

फसलेल्या प्रत्येक प्रयत्नानंतर बर्नपॉटमधील ढीग काढून टाकावा, ही सूचना मात्र काटेकोरपणे पाळावी. ढिगावर ढीग चढला की तो आतून धुमसतो, भट्टीत न जळलेला वायू कोंडतो आणि मग एकदम भडका उडून दाराची काचही फुटू शकते. काढलेले पेलेट परत हॉपरमध्ये टाकू नयेत, कारण त्यांत विस्तव असू शकतो. रॉकेल, पेट्रोल किंवा तत्सम द्रव ओतून पेटवण्याचा विचारही करू नये.

याच पत्रासोबत दुसऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की जाळ उत्तम धरूनही काही वेळाने ‘पेटला नाही’ असा संदेश का येतो. त्यांच्या स्टोव्हचा तापमान संवेदक राखेच्या थराने झाकला गेला असावा किंवा जागेवरून निसटला असावा. स्टोव्हला जाळ डोळ्यांनी दिसत नाही. संवेदक तापला नाही तर त्याच्या लेखी जाळ नाही. संवेदक मऊ कापडाने पुसून पूर्ण आत सरकवावा.

प्रश्न : स्टोव्हमधून कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो. तेल कुठे सोडावे?

आधी आवाज कोणाचा ते ठरवावे, तेल नंतर. आवाज थांबून थांबून, पेलेट पडण्याच्या तालावर येत असेल तर तो ऑगरचा. अखंड येत असेल तर पंख्याचा. आणि बाजूच्या पत्र्यावर हाताने हलका दाब देताच थांबत असेल तर केवळ ढिल्या स्क्रूचा. पत्रा तापलेला असू शकतो, म्हणून हातमोजा घालावा.

ऑगरची किंकाळी बहुधा पात्यांमागे दाबून बसलेल्या भुग्याची असते. हॉपर रिकामा करून तळ स्वच्छ करावा, पोत्यातले पेलेट चाळून भरावेत, आणि पुष्कळदा आवाज आपोआप जातो. गेला नाही तर दांड्याच्या टोकाला आधार देणारा बुश झिजला असेल. बाहेरून पोहोचता येणाऱ्या बुशला उच्च तापमानाचे ग्रीस लावता येते. मात्र हॉपरमध्ये किंवा ऑगरच्या नळीत तेलाचा फवारा मारू नये. जिथे पुढे जाळ आहे तिथे पेट घेणारी वस्तू शिंपडण्यासारखे ते आहे.

पंख्याच्या बाबतीत बेअरिंगला दोष देण्यापूर्वी त्याची पाती पाहावीत. धुराच्या पंख्याच्या पात्यांवर राखेचा थर असमान बसतो, तोल जातो आणि थरथर सुरू होते. ब्रशने पाती साफ केल्यावर पंखा पुन्हा गप्प झाल्याची उदाहरणे भरपूर आहेत. साफ करताना पाती वाकवू नयेत आणि पंखा काढला असेल तर त्यामागची गॅस्केट नवी घालावी, नाहीतर धूर घरात येण्याची वाट आपणच करून ठेवतो. हाताने फिरवल्यावर पंखा खरखरत असेल किंवा दांडा डुगडुगत असेल, तर बेअरिंग गेलेले आहे. सीलबंद बेअरिंगला तेल देऊन उपयोग नसतो. ज्या मोटरला तेलाचे छिद्र आहे तिलाच, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे, दोन-चार थेंब द्यावेत.

प्रश्न : काच एका संध्याकाळीच काळीकुट्ट होते, ज्योत नारिंगी आणि आळसावलेली दिसते, आणि सकाळी बर्नपॉटमध्ये दगडासारखा गोळा मिळतो. पेलेट वाईट की स्टोव्ह?

तिन्ही लक्षणे हवेच्या कमतरतेकडे बोट दाखवतात, आणि त्या कमतरतेला दोन्हींचा हातभार असू शकतो. काचेवर राखाडी किंवा फिकट तपकिरी थर येणे स्वाभाविक आहे, विशेषतः मंद आचेवर; डांबरासारखा काळा थर मात्र अपुऱ्या ज्वलनाचा. निरोगी ज्योत उजळ पिवळी, आखूड आणि चपळ असते. उंच, संथ, शेंड्याशी काळसर होणारी ज्योत दिसली की बर्नपॉटची छिद्रे तपासावीत.

तो गोळा म्हणजे राखेचा खंगर. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात, तसे पेलेटच्या राखेतील खनिज द्रव्यांचे होते. झाडाची साल किंवा वाळू-माती मिसळलेल्या पेलेटची राख कमी तापमानाला वितळते, म्हणून तिचा खंगर लवकर धरतो. खंगराने छिद्रे बुजली की हवा कमी होते, हवा कमी झाली की जळण साठते, आणि साठलेल्या जळणात पुढचा खंगर आणखी मोठा होतो. हे चक्र एकदा सुरू झाले की रात्रभरात भांडे भरते.

पोत्यावरील मजकूर वाचण्याची सवय ठेवावी. ईएनप्लसच्या ‘ए१’ प्रतीत राखेचे प्रमाण जास्तीत जास्त ०.७ टक्के, ‘ए२’मध्ये १.२ टक्के आणि ‘बी’ प्रतीत २ टक्के असते. ए१ प्रतीत ओलावा १० टक्क्यांहून अधिक चालत नाही. ०.७ आणि २ यांतील अंतर कागदावर किरकोळ दिसते, पण बर्नपॉटच्या दृष्टीने ती जवळपास तिप्पट राख आहे. दुसऱ्या उत्पादकाची एक-दोन पोती जाळून पाहावीत. खंगर नाहीसा झाला तर उत्तर मिळाले. तोच प्रकार राहिला तर दाराची गॅस्केट आणि धुराचा मार्ग वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे तपासावा, कारण दारातून शिरलेली हवा बर्नपॉटच्या छिद्रांतून जात नाही आणि ज्योतीच्या कामी येत नाही.

छिद्रे मोकळी करताना ती मूळ मापापेक्षा मोठी करू नयेत. ड्रिल मारून ‘जास्त हवा’ देण्याचा उपाय सुचवणारे भेटतात. त्याने हवेचा वेग घटतो आणि न जळलेले पेलेट खाली गळू लागतात.

प्रश्न : मोठ्या आचेवर स्टोव्ह मध्येच बंद होतो. मागे एक लाल बटण आहे, ते दाबले की पुन्हा चालतो. रोज दाबले तर चालेल ना?

ते अतितापमानाच्या स्विचचे रीसेट बटण आहे. एकदा दाबणे ठीक; रोज दाबावे लागत असेल तर स्टोव्ह रोज मर्यादेबाहेर तापतो आहे. बहुतेक वेळा खोलीत हवा सोडणारा पंखा धूळ, केस आणि पाळीव प्राण्यांच्या लवीने गुदमरलेला असतो, त्यामुळे तयार झालेली उष्णता स्टोव्हच्या अंगातच राहते. मागची जाळी आणि पंख्याची पाती साफ करावीत. उष्णता देणाऱ्या नळ्या खरवडण्यासाठी दांडा असेल तर तो थंड अवस्थेत पुढे-मागे करावा. पंखा नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर बेअरिंग आवळले आहे किंवा ज्या मोटरला कपॅसिटर असतो तिचा कपॅसिटर गेला आहे.

प्रश्न : वीज गेली की खोलीत धूर येतो. संगणकाचा यूपीएस लावला तर चालेल का?

वीज जाताच दोन्ही पंखे थांबतात आणि धूर केवळ पाइपच्या नैसर्गिक ओढीवर अवलंबून राहतो. पाइप भिंतीतून आडवा बाहेर काढलेला असेल तर ही ओढ नगण्य असते. बाहेर पडल्यावर तो काही मीटर सरळ वर नेलेला असेल तर बर्नपॉटमधील शिल्लक पेलेट जळून जाईपर्यंत धूर बऱ्याच अंशी वर जातो. म्हणून धुराचा मूळ इलाज पाइपच्या उंचीत आहे. त्या वेळी स्टोव्हचे दार उघडू नये, खिडकी उघडावी. आणि अलार्म बॅटरीवर चालणारा असावा, नाहीतर तोही विजेबरोबर झोपी जातो.

यूपीएसची निवड करताना तो शुद्ध साइन लहरीचा आहे ना, हे पाहावे. चौकोनी लहर देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर पंख्यांच्या मोटरी गुरगुरतात, तापतात, आणि गतीही बिनसते. जाळ चालू असताना पंखे, ऑगर व नियंत्रणाचा बोर्ड मिळून सुमारे १०० वॉट लागतात. इग्नायटर मात्र एकटाच ३०० ते ४०० वॉट घेतो, तेव्हा यूपीएसवर स्टोव्ह नव्याने पेटवू नये. तो रीतसर थंड होण्यापुरता आधार असावा. याच कारणाने प्लग ओढून स्टोव्ह बंद करण्याची सवयही वाईट. बंद करण्याचे बटण दाबावे आणि पंखे आपोआप थांबेपर्यंत वाट पाहावी.

प्रश्न : राख घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने काढावी का?

नाही. राखेखाली विस्तव एक दिवसाहून अधिक काळ टिकू शकतो, आणि क्लीनरच्या पिशवीत धूळ व वाहती हवा यांची साथ मिळाली की तो पेटतो. विस्तव नसला तरी ही राख इतकी बारीक असते की साध्या फिल्टरमधून निसटून खोलीभर पसरते. राखेसाठी बनवलेला, धातूच्या टाकीचा क्लीनर वापरावा, तोही राख थंड झाल्यावरच. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून बादली घराबाहेर, लाकडी फळीवर नव्हे तर फरशीवर ठेवावी.

प्रश्न : थंडी संपल्यावर स्टोव्ह नुसता बंद करून ठेवला तर पुढच्या हंगामात त्रास होतो का?

होतो, आणि या स्तंभाकडे हंगामाच्या सुरुवातीला येणारी बरीच पत्रे त्याच त्रासाची असतात. हॉपरमध्ये राहिलेले पेलेट हवेतील ओल शोषून ऑगरमध्येच फुगतात. भट्टीत राहिलेली राखही ओल धरते आणि पत्रा व वेल्डिंगचे जोड गंजवू लागते. तेव्हा शेवटच्या दिवशी हॉपर जळून रिकामा होऊ द्यावा, ऑगरची नळीही रिकामी फिरवून घ्यावी, उरलेला भुगा काढावा, आणि भट्टी, मागचे कप्पे व पाइप यांची हंगामातील सर्वांत कसून साफसफाई सुरुवातीला न करता शेवटी करावी. विजेचा प्लग काढून ठेवावा. वादळी दिवसांत बोर्ड वाचतो. पक्ष्यांच्या भीतीने पाइपचे बाहेरचे तोंड कापडाने किंवा बोळ्याने बंद करणार असाल, तर तसे लिहिलेली चिठ्ठी स्टोव्हच्या दाराच्या मुठीला दोऱ्याने बांधून ठेवावी, म्हणजे बोळा काढल्याशिवाय कोणी स्टोव्ह पेटवणार नाही.